बोटीचा मालक आणि बोटीचा नाखवा

सुटीच्या दिवशी सकाळी गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर दोन प्रकारची गर्दी दिसते. एक गर्दी घारापुरीच्या आणि मांडव्याच्या तिकिटासाठी रांगेत उभी असते. दुसरी गर्दी मोजक्याच माणसांची असते. कुणाच्या हातात बर्फाची पेटी, कुणाच्या खांद्यावर कपड्यांची पिशवी, मुलांच्या डोक्यावर उन्हाच्या टोप्या. समोरच्या पाण्यात नांगरून ठेवलेली एखादी पांढरी मोटारबोट खलाशी अलगद पायऱ्यांना लावतो, मंडळी चढतात आणि काही मिनिटांतच ती बोट पाण्यावर पांढरी रेघ ओढत दक्षिणेकडे दिसेनाशी होते.

मुंबईहून अलिबाग गाठायला रस्त्याने मोठा वळसा पडतो. हेच अंतर वेगवान बोट बंदर ओलांडून अर्ध्या तासाच्या आत कापते. मांडवा, किहीम, आवास या भागांत मुंबईकरांची दुसरी घरे उभी राहिली, तशी त्या घरांकडे नेणारी स्वतःची बोट असावी ही हौसही वाढली. मुंबईच्या बंदरातील जलविहाराची परंपरा तशी जुनी आहे. अपोलो बंदरावरील रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ सालची. मात्र तो काळ शिडांचा होता. शीड सांभाळणाऱ्याला वारा आणि पाणी यांचे शिक्षण आपोआपच मिळत असे. मोटारबोटीचे तसे नाही. चावी फिरवली की ती चालते, आणि ती चालवण्यासाठी पगारी खलाशी असतोच. त्यामुळे वर्षानुवर्षे बोटीचे मालक असूनही सुकाणूला हात न लावलेली माणसे या हौशी वर्तुळात आढळतात.

कोळी समाजात बोटीच्या धन्याला ‘नाखवा’ म्हणतात. फारसीतील ‘नाखुदा’ या शब्दाशी त्याचे नाते आहे आणि त्याचा अर्थ नावेचा धनी असा आहे. या एकाच शब्दात मालकी आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी सामावल्या आहेत. नाखवा बोटीवर नसला तरी बोट केव्हा निघावी, किती दूर जावी आणि केव्हा परतावी हे त्याला कळत असते. हौशी बोटमालकाचा सारा प्रश्न या शब्दाभोवती फिरतो. पैसे मोजून मालक होता येते. नाखवा होण्यासाठी मात्र काही गोष्टी शिकाव्या लागतात.

खरेदीपूर्वीचा हिशेब

बोटीची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो. ढोबळमानाने बोटीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीवर जाते, असे अनुभवी मालक धरून चालतात. नांगरण्याच्या जागेचे भाडे, खलाशाचा पगार, विमा, इंजिनाची देखभाल, तळाचा रंग आणि पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचा खर्च यांचा त्यात समावेश होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी विहाराच्या बोटींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. साहजिकच अनेकांचे लक्ष जुन्या बोटींकडे वळते.

जुनी बोट घेताना चकाकणाऱ्या गाद्यांकडे पाहण्याऐवजी तळ पाहावा. बोट पाण्याबाहेर काढूनच तपासावी. फायबरच्या तळावर फोड आले आहेत काय, इंजिन जेथे बसवलेले असते ती मागची भिंत ठोकल्यावर घट्ट आवाज देते की पोकळ, जुन्या दुरुस्तीच्या खुणा रंगाखाली दडवल्या आहेत काय, हे स्वतंत्र जाणकाराकडून पाहून घ्यावे. इंजिन किती तास चालले याची नोंद विचारावी. गिअरचे तेल दुधासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. शेवटी बोट पूर्ण वेगाने, पुरेशी माणसे घेऊन, भर समुद्रात चालवून पाहावी. धक्क्याला बांधलेल्या स्थितीत सुरू होणारे इंजिन ओझ्याखाली तसेच वागेल याची खात्री नसते.

बोटीचा आकारही गरजेनुसार निवडावा. बंदरातल्या शांत सकाळी छोटी उघडी बोट पुरते. परंतु दुपारच्या वाऱ्यात मांडव्याहून परतायचे असेल, तर उंच नाळेची, पाणी कापणाऱ्या खोल तळाची बोट हवी. सपाट तळाची बोट कमी इंधन खाते, पण लाटेवर आपटते आणि प्रवाशांच्या पाठीचे हाल करते.

कागदपत्रे आणि पाहारा

अंतर्देशीय जलयानांसाठी देशात १९१७ सालचा कायदा शतकाहून अधिक काळ लागू होता. त्याची जागा आता २०२१ च्या ‘इनलँड व्हेसल्स ॲक्ट’ने घेतली आहे. नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र, बोट चालवणाऱ्याचे पात्रता प्रमाणपत्र आणि विमा ही या व्यवस्थेची चौकट. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लहान बंदरांचा कारभार १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. आपली बोट कोणत्या वर्गात मोडते आणि कोणत्या हद्दीपर्यंत तिला परवानगी आहे, हे खरेदीपूर्वीच मंडळाकडून समजून घ्यावे.

विम्याच्या बाबतीत रकमेपेक्षा अटी महत्त्वाच्या असतात. बोट चालवणारा प्रमाणपत्रधारक असणे, ठरलेल्या हद्दीबाहेर न जाणे, पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर असणे, अशा अटी करारात असू शकतात. अपघातानंतर त्या वाचण्याची पाळी येऊ नये.

नोव्हेंबर २००८ मध्ये दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत शिरले. तेव्हापासून या किनाऱ्यावरील प्रत्येक लहान बोटीकडे पाहण्याची सुरक्षा यंत्रणांची दृष्टी बदलली आहे. नौदल, तटरक्षक दल किंवा सागरी पोलिसांनी थांबवल्यास वेग कमी करून सहकार्य करावे, मूळ कागदांच्या प्रती जलरोधक पिशवीत बोटीवरच ठेवाव्यात. नौदलाच्या जहाजांपासून आणि तेलाच्या धक्क्यांपासून दूर राहावे. परदेशातून आणलेला सॅटेलाईट फोन पूर्वपरवानगीवाचून जवळ बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, हेही अनेक हौशी मालकांना ठाऊक नसते.

तिथी, भरती आणि वारा

मुंबईच्या समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते आणि पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या भरतीला, हा फरक बराच कमी असतो. कोकण किनाऱ्यावर जुन्या पिढीला भरतीची वेळ काढण्याचे सोपे गणित पाठ असे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. हे गणित ढोबळ आहे, पण पंचांगातील तिथी पाहून समुद्राचा अंदाज बांधायला ते आजही उपयोगी पडते. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत.

वेळेइतकाच पाण्याचा वेगही समजून घ्यावा. ओहोटीचे सहा तास मानले, तर पहिल्या तासात एकूण उतारापैकी बारावा हिस्सा पाणी उतरते. दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. चार मीटरच्या ओहोटीत मधल्या दोन तासांत पाणी तासाला एक मीटर या गतीने खाली जाते. सकाळी ज्या खडकावरून बोट निर्धास्त गेली, तोच खडक दुपारी तिच्या तळाला लागू शकतो. कुलाब्याच्या टोकाशी असलेला प्राँग्स खडक, अलिबागच्या वाटेवरील थळचा खडकाळ भाग, खांदेरी-उंदेरीभोवतालचे उथळ पाणी ही याची उदाहरणे. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली एक स्पीडबोट अरबी समुद्रात बुडाली आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. बोट पाण्याखालच्या खडकावर आदळल्याचे त्या वेळी सांगण्यात आले होते. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे नकाशे अशा खडकांसाठीच असतात. मोबाइलवरील रस्त्यांचा नकाशा समुद्रात कामाचा नाही.

वाऱ्याचाही दिनक्रम असतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात सकाळी पाणी बहुधा शांत असते. दुपारकडे समुद्रावरून वायव्येचा वारा जोर धरतो आणि सायंकाळपर्यंत लाटा उभ्या राहतात. वारा एका दिशेने आणि भरती-ओहोटीचा प्रवाह विरुद्ध दिशेने असला, म्हणजे लाटा आखूड आणि उभ्या होतात. जाताना सुखाचा झालेला प्रवास परतताना नकोसा होतो, तो यामुळे. लवकर निघावे आणि लवकर परतावे, हा या बंदरातला सर्वांत स्वस्त सुरक्षा-उपाय आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांचा अंदाज देते आणि हवामान खाते वाऱ्याचे इशारे देते. दोन्ही पाहिल्याशिवाय दोर सोडू नये.

नांगर टाकतानाही भरतीचा हिशेब हवा. ओहोटीला तीन मीटर पाणी असलेल्या जागी उधाणात सात मीटर पाणी होऊ शकते. नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडावा, आणि ही खोली भरतीच्या पाण्याची धरावी. ओहोटीच्या खोलीवर दोर सोडून जेवायला गेलेल्या मालकाची बोट भरतीबरोबर नांगरासकट वाहत जाते.

वाट कुणी कुणाला द्यायची

समुद्रावर रस्ते आखलेले नसले तरी नियम आहेत. टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि ते लहान बोटींनाही लागू आहेत. दोन मोटारबोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळावे. एकमेकींची वाट छेदत असतील, तर जिला दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला दिसते तिने वाट द्यावी. मागून येऊन पुढे जाणाऱ्या बोटीने पुढचीला अडथळा न करता दूर राहावे. वळण घ्यायचे ते ठळक घ्यावे, म्हणजे समोरच्याला आपला हेतू लांबूनच कळतो. भोंग्याचा एक छोटा आवाज ‘मी उजवीकडे वळतो आहे’ असे सांगतो, दोन आवाज डावीकडचे, तीन आवाज इंजिन मागे चालवत असल्याचे; आणि पाच छोटे आवाज ‘तुमचा हेतू समजत नाही’ असे बजावतात.

रात्री बोटीच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. समोर एकाच वेळी लाल आणि हिरवा दोन्ही दिसले, तर ती बोट थेट आपल्याकडे येत आहे. मुंबई बंदरात किनाऱ्यावरील हजारो दिव्यांत हे दिवे हरवून जातात. म्हणून काळोखात वेग निम्म्याहून कमी करणे आणि एका माणसाला केवळ टेहळणीला बसवणे आवश्यक ठरते.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत हक्काची भाषा उपयोगाची नाही. अरुंद जलमार्गात २० मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवू नये, असा नियमच आहे. कंटेनर जहाजाला इंजिन उलटे चालवूनही थांबायला मैलभर अंतर लागू शकते. शिवाय त्याच्या नाळेपुढे ५०० मीटरपर्यंतचे पाणी कप्तानाला दिसत नसणे आंतरराष्ट्रीय नियमांना मान्य आहे. त्या पट्ट्यातून हौसेने फोटो काढत जाणारी बोट कप्तानाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या दुर्घटनेत १५ जणांचा बळी गेला. बंदरातील वेग आणि अंगावर नसलेली लाइफ जॅकेट या दोन्ही गोष्टी त्यानंतर ऐरणीवर आल्या. दोन वेगवान वस्तूंमधील अंतर किती झपाट्याने संपते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. हौशी बोटमालकाने त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. गर्दीच्या पाण्यात वेग हा कौशल्याचा पुरावा नाही.

एका दोरीचे मोल

प्रत्येक आऊटबोर्ड इंजिनाबरोबर एक लाल, गुंडाळीसारखी दोरी येते. तिचे एक टोक चालकाच्या पायाला किंवा लाइफ जॅकेटला बांधायचे असते. दुसरे टोक इंजिनाच्या कळीला अडकवलेले असते. चालक बोटीबाहेर फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडते. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधील पॅडस्टोजवळ एका कुटुंबातील सहाही जण वेगवान बोटीतून पाण्यात फेकले गेले. दोरी चालकाला बांधलेली नव्हती. रिकामी बोट त्यांच्याभोवती गोल फिरत राहिली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली, इतर जण जखमी झाले. ती बोट जुनी वा नादुरुस्त नव्हती. आपल्या बंदरात मात्र ही दोरी बहुतेक वेळा डॅशबोर्डवर लोंबत असते. ती बांधायला पाच सेकंद लागतात.

लाइफ जॅकेटचेही तसेच. आसनाखाली कोंबलेले जॅकेट अपघाताच्या वेळी हाती लागत नाही. मुलांसाठी त्यांच्या वजनाचे वेगळे जॅकेट घ्यावे. मोठ्यांच्या जॅकेटमधून लहान मूल खाली निसटते. कुणी पोहत असताना इंजिन फक्त न्यूट्रलमध्ये न ठेवता पूर्ण बंद करावे. चालू इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, म्हणून बोटीच्या मागच्या फळीवर इंजिन चालू असताना बसू नये.

निघण्यापूर्वी किनाऱ्यावरील एका जबाबदार माणसाला बोटीचे नाव, प्रवाशांची संख्या, मार्ग आणि परतीची वेळ कळवावी. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात संपर्क झाला नाही तर कुणाला फोन करायचा हेही सांगावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक घरातील प्रत्येकाकडे असावेत. समुद्रात मोबाइलची भिस्त धरू नये. परवाना घेऊन बसवलेला व्हीएचएफ संच आणि त्याची १६ क्रमांकाची वाहिनी हीच खरी हाक. ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारून बोटीचे नाव, ठिकाण, संकटाचे स्वरूप आणि माणसांची संख्या सांगायची, एवढे बोटीवरील किमान दोघांना तरी यायला हवे. मार्च २०२० मध्ये मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा ८० हून अधिक प्रवासी वाचले ते पोलिसांची गस्ती बोट वेळेवर पोहोचल्यामुळे. मदत पोहोचण्यासाठी ती कुठे पोहोचायची हे तिला कळावे लागते.

खारे पाणी आणि इंजिन

समुद्रात बंद पडणाऱ्या बोटींची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. संपलेले इंधन, मेलेली बॅटरी, झिजलेला पाण्याचा पंप ही नेहमीची त्रयी. इंधनाचे तीन भाग करावेत. एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव. इंजिन सुरू होताच त्याच्या मागून पाण्याची जोरदार धार पडते की नाही ते पाहावे. ती मंदावली असेल तर थंडावा देणारा पंप थकला आहे. त्यातील रबरी चक्र दरवर्षी बदलण्याचा खर्च इंजिनाच्या तुलनेत नगण्य असतो.

बोट किनाऱ्यावर आल्यावर इंजिनातून गोडे पाणी खेळवावे. पाण्यातच नांगरून ठेवायची असेल तर आऊटबोर्ड इंजिन वर उचलून ठेवावे. इंजिनाला बसवलेले जस्ताचे तुकडे स्वतः झिजून मूळ धातूला वाचवतात. ते निम्मे झिजले की बदलावेत. त्यांच्यावर रंग मात्र कधीही लावू नये, कारण रंगाखाली ते निरुपयोगी ठरतात. तळावर चिकटणारे कवचधारी जीव बोटीचा वेग खातात आणि इंधनाचा खर्च वाढवतात, म्हणून त्यांना रोखणारा खास रंग दर हंगामापूर्वी द्यावा.

पेट्रोलबाबत अलीकडे नवी काळजी निर्माण झाली आहे. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर बनवतात आणि इंजिनाला नेमका तोच थर आधी मिळतो. मोटार आठवड्यात टाकी संपवते, बोट महिनाभर उभी असते. म्हणून आपले इंजिन किती टक्के इथेनॉल सोसते हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावे. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा आणि जुने पेट्रोल टाकीत साठवू नये. इंजिन बोटीच्या आत असेल, तर सुरू करण्यापूर्वी पंखा चार-पाच मिनिटे चालवून पेट्रोलची वाफ बाहेर काढावी. ती वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचून एका ठिणगीने पेट घेते.

जाळी, लाटा आणि शेजारधर्म

या पाण्यावर हौशी मालकांच्या आधीपासून कोळी बांधवांचा वावर आहे. पाण्यात ठोकलेले खुंट, त्यांना बांधलेली डोल जाळी, तरंगणारे डबे आणि झेंडे हे सारे त्यांच्या उपजीविकेचे साधन. दोन झेंड्यांमधून बोट नेणे म्हणजे बहुधा जाळ्यावरूनच जाणे. प्रोपेलरमध्ये, म्हणजे खलाशांच्या भाषेत पंख्यात, जाळे अडकले तर इंजिन ताबडतोब बंद करावे. दोर कापून पळ काढणे हा दुहेरी गुन्हा आहे. एकाचे जाळे जाते आणि पुढच्या वेळी सगळ्याच पांढऱ्या बोटींकडे संशयाने पाहिले जाते. जवळच्या बोटीला हाक मारून झालेले नुकसान मान्य करणे आणि भरून देणे, हाच सभ्य मार्ग. पाण्यात इंजिन बंद पडले म्हणजे ओढून न्यायला सर्वांत आधी येते ती बहुधा कोळ्यांचीच होडी, याचा विसर पडू नये.

बोटीमागे उठणाऱ्या लाटांची जबाबदारीही बोटीचीच. धक्क्याजवळ, नांगरलेल्या होड्यांजवळ आणि खाडीच्या तोंडाशी वेग इतका कमी करावा की मागे लाट उठू नये. मोठ्या बोटीतून दिसणारी किरकोळ लाट, छोट्या होडीत जाळे ओढणाऱ्या माणसाचा तोल घालवू शकते. पायऱ्यांवर चढणाऱ्या एखाद्या आजींचा पाय बोट आणि धक्का यांच्या फटीत अडकण्यासही ती पुरेशी असते.

मालकांमधील स्नेहजीवनालाही काही संकेत आहेत. रविवारी मांडव्याच्या परिसरात तीन-चार बोटी शेजारी-शेजारी बांधून एकत्र न्याहारी करण्याची पद्धत आहे. अशा वेळी आधी नांगरलेल्या बोटीची संमती विचारावी, रबरी फुगे मध्ये बांधावेत आणि दुसऱ्याच्या बोटीवर चढताना चपला काढाव्यात. संगीत आपल्याच बोटीपुरते ठेवावे. कचरा परत किनाऱ्यावर न्यावा. सुकाणू धरणाऱ्याने परतेपर्यंत मद्याला स्पर्श करू नये. खांदेरीसारख्या ठिकाणी तर अधिक भान हवे. शिवकालात १६७९ साली उभा राहू लागलेला हा जलदुर्ग जुलै २०२५ मध्ये इतर मराठा किल्ल्यांसह जागतिक वारशात समाविष्ट झाला आहे.

या स्नेहाचा व्यावहारिक लाभ मोठा असतो. चांगला मेकॅनिक कोण, कोणत्या खाडीत बोट ओढण्याची सोय आहे, अमुक जागी नवा गाळ साचला आहे काय, ही माहिती कोणत्याही पुस्तकात नसते. ती शेजारच्या बोटीवर चहा घेताना मिळते. आणि संकटात सापडलेल्याला मदत करणे हा तर समुद्राचा जुना कायदाच आहे. आज ज्याला दोर टाकला, तो उद्या आपल्याला टाकतो.

खलाशाचे ‘नको’

या साऱ्यात सर्वांत दुर्लक्षित माणूस म्हणजे खलाशी. तो बोट राखतो, धुतो, चालवतो, अनेकदा रात्री तिच्यावरच झोपतो. पावसाळ्यात बोट बंद असते म्हणून त्याचा पगार बंद करणाऱ्या मालकाला दरवर्षी नवा माणूस शोधावा लागतो आणि नव्या माणसाला बोटीच्या खोडी कळेपर्यंत हंगाम निम्मा उलटतो. वर्षभराचा पगार, अपघात विमा, प्रमाणपत्रासाठी लागणारे प्रशिक्षण आणि पाहुण्यांबरोबर वेळेवर जेवण, एवढे त्याला मिळायलाच हवे.

त्याहूनही महत्त्वाचा आहे त्याचा नकार ऐकण्याचा अधिकार. सोमवारी सकाळी कचेरी गाठायची असते, पाहुण्यांचे विमान असते, आणि खलाशी आकाशाकडे पाहून म्हणतो, ‘साहेब, आता नको.’ अशा वेळी ज्या मालकाला भरती, वारा आणि आपली बोट यांतले काहीच कळत नाही, त्याला हा नकार आळसाचा वाटतो. तो आवाज चढवतो. नोकरी टिकवण्यासाठी खलाशी दोर सोडतो. अशा वेळी बोटीवर अनुभव असतो, पण निर्णय अनुभव नसलेल्या माणसाचा असतो. मालकाने बोट चालवायला शिकण्याचे खरे कारण हेच आहे. खलाशाची जागा घेण्यासाठी नव्हे, तर तो ‘नको’ का म्हणतो हे समजण्यासाठी. लहान मोटारबोट चालवण्याचे काही दिवसांचे अभ्यासक्रम आपल्याकडेही उपलब्ध आहेत. मालकाबरोबर घरातील आणखी एकाने ते करावेत. खलाशी आजारी पडला किंवा पाण्यात पडला, तर बोट परत आणणारे कुणीतरी बोटीवर असलेच पाहिजे.

मे महिन्याच्या अखेरीस वारा फिरतो. बोटी एकेक करून खाड्यांमध्ये ओढल्या जातात, बॅटऱ्या काढल्या जातात, तळाचे बूच उघडून पाणी वाहू दिले जाते. तेच बूच पुन्हा बसवायला विसरल्यामुळे हंगामाच्या पहिल्याच दिवशी धक्क्यालगत बुडालेल्या बोटींचे किस्से प्रत्येक बंदरात ऐकायला मिळतात. श्रावणात नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांतून नारळ समुद्राला अर्पण होतो आणि मगच होड्या पाण्यात उतरतात. समुद्राची परवानगी मागण्याची ही रीत आहे. ज्यांच्या पिढ्या या पाण्यावर गेल्या, ते आजही विचारून निघतात. शनिवारी सकाळी बर्फाची पेटी घेऊन निघणाऱ्या मालकानेही दोर सोडण्यापूर्वी तिथी, वारा आणि खलाशाचा चेहरा यांना एकदा विचारून पाहावे. एवढे जमले की लोक त्याला बोटवाला म्हणोत वा साहेब, तो नाखवा झालेला असतो.